एकशे आठ कुरडया

(रंगमंचावर एक खुर्ची, भिंतीवर कार्डशीट. नट येतो. डोक्याला, कानांवरून, घट्ट दुपट्टा.)

नागपूर. मे महिना. पारा ४५वर. बाकी महाराष्ट्रात शाळा साधारण जूनच्या मध्याला उघडतात. विदर्भात उन्हामुळे आणखी आठवडाभर उशिरा. मुलांना बोनस! आणि आईला...

(दीर्घ श्वास.) पुढे चला.

या आईनं पहिल्याच दिवशी वेळापत्रक केलं, चार रंगांच्या स्केचपेननं. सहाला उठणे. सातला पाढे. आठला शुद्धलेखन. अकरा ते साडेअकरा, सर्जनशीलता. धाकटा पाच वर्षांचा. त्यानं विचारलं, "आई, सर्जनशीलता सोलून खायची का?"

तिसऱ्या दिवशी नऊ वर्षांच्या थोरलीनं त्याच कार्डशीटच्या कोऱ्या बाजूवर सापशिडी काढली. (उलटून दाखवतो.) साप सुरेख आलेत, खोटं कशाला बोला.

आईची भीती मात्र खोटी नव्हती. १९९६ साली अमेरिकेत हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी सुट्टीवरचे ३९ अभ्यास चाळले. उन्हाळ्यानंतर मुलं सरासरी महिनाभर मागे पडलेली दिसली, आणि वाचनापेक्षा गणितात जास्त. तिकडची मुलं तिकडची, पण सातचा पाढा नागपुरातही वितळतोच.

झोपेचं तर विचारूच नका. रात्री बारापर्यंत मोबाइल. डोळ्यांवर उजेड असला की झोप आणणारं मेलाटोनिन शरीर उशिरा सोडतं. आईनं थोरलीला अमेरिकी निद्रातज्ज्ञांच्या संघटनेची २०१६ची शिफारस वाचून दाखवली: तीन ते पाच वर्षं, दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास, सहा ते बारा वर्षं, ९ ते १२ तास.

थोरली म्हणाली, "म्हणजे बाराला झोपायचं, बाराला उठायचं!"

गणित बरोबर. बाकी सगळं चूक.

(आजीसारखा कमरेवर हात.) मग आजीनं गहू भिजवले. तीन दिवस, रोज पाणी बदलून. ते काम धाकट्याचं. त्यात त्यानं स्वतःलाही रोज भिजवलं. चौथ्या दिवशी पहाटे पाचला चीक शिजला आणि सोऱ्यासकट सगळे गच्चीवर, कारण नऊनंतर तिथं पाय ठेवता येत नाही. थोरलीनं ओळी आखल्या. बाराच्या नऊ ओळी, एकशे आठ कुरडया. पाढा कुणीच म्हणून घेतला नव्हता.

पाचला उठलेलं पोर दुपारी दोनला टिकेल कसं? खसची ताटी लावलेला कूलर, अंधारी खोली आणि आजीचा कायदा: जो जागा, तो भांडी घासेल. सगळ्यात आधी बाबा झोपले.

रात्री बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचा जुना अंक. १९७१पासून निघतंय ते. बाबांच्याच लहानपणचा गठ्ठा माळ्यावर होता. थोरली मोठ्यानं वाचायची, धाकटा प्रत्येक वाक्याला "का?" आजी अंधारातून विचारायची, "काऊन रे, झोप नाही येत?" नऊ वाजता तिला उत्तर द्यायला कुणी जागं नसायचं.

कुरडया वाळल्यावर मोजणी झाली. थोरलीनं कॅलेंडरवर हिशेब लिहिला: शिल्लक ८८. कावळ्यांनी नेल्या १२. धाकट्यानं ओल्याच खाल्ल्या ८.

धाकट्यानं बोटं मोजली. पुन्हा मोजली.

"आठ नाही, सात! आठवी बाबांनी खाल्ली. झोपायच्या आधी."

(अंधार. कूलरचा आवाज. त्यात कुणीतरी भांडी घासतंय.)