हेगची पोटचारी

नाशिककडच्या लष्करी देवळालीशी टपालखात्याची गल्लत होऊ नये एवढ्यासाठी का होईना, पण ज्या गावाने नदीचे नाव आडनावासारखे लावून घेतले, त्या आमच्या देवळाली प्रवऱ्यात पाण्याचा कायदा कोणाला शिकवावा लागत नाही. अलीकडे मात्र या उपजत विद्येला सार्वभौम विस्तार लाभला असून, हॉलंडातील हेग नगरीत जी न्यायपीठे राष्ट्राराष्ट्रांच्या तकरारी ऐकत बसतात, त्यांचे एक बिनखर्ची खंडपीठ रोज सकाळी, डेअरीला दूध घालून झाले की, चहाच्या टपरीसमोरच्या बाकड्यावर रुजू होते. अध्यक्षस्थानी एक ऊस बागायतदार असतात, ज्यांना सारे गाव अण्णा म्हणते; उजव्या हाताला एक सेवानिवृत्त मास्तर; आणि डाव्या हाताला एक तरुण, ज्याचे सगळे दप्तर मोबाइलमध्ये असल्यामुळे साक्षीपुराव्यावाचून कोणतेही काम खोळंबत नाही.

गेल्या मंगळवारी चीनचा मामला निघाला. जी नदी पुढे आपल्याकडे ब्रह्मपुत्रा म्हणून येते, तिच्यावर तिबेटात चीनने 2025च्या जुलैत एका अवाढव्य जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केले, ही कैफियत तरुणाने वाचून दाखविताच अण्णांनी बशी खाली ठेवली आणि निवाडा दिला : “वरच्याने खालच्याचं पाणी अडवायचं नाही. आंतरराष्ट्रीय कायदा आहे तसा!”

बुधवारी सिंधू नदी पटावर आली. 19 सप्टेंबर 1960 रोजी कराचीत पंडित नेहरू आणि अयूब खान यांनी जागतिक बँकेच्या मध्यस्थीने ज्या तहनाम्यावर सह्या केल्या, ज्यान्वये रावी, बियास, सतलज आपल्याकडे आणि सिंधू, झेलम, चिनाब यांचे बहुतेक पाणी त्यांच्याकडे गेले, आणि जो पहलगामच्या हत्याकांडानंतर, 23 एप्रिल 2025 रोजी, आपल्या सरकारने स्थगित ठेवला, त्याविषयी अण्णांचे मत असे पडले की, “पाणी आपल्या हद्दीतून जातं, मग अंमल आपला. आंतरराष्ट्रीय कायदा आहे तसा!” मास्तरांनी चष्मा पुसत सुचविले की, त्या तहनाम्यात एका पक्षाने एकतर्फी बाहेर पडावे असे कलम नाही, तेव्हा आपल्या पक्षाची बाजू नेमकी कोणत्या मुद्द्यावर मांडावयाची हे आधी ठरवावे लागेल. त्यावर तरुणाने एवढेच विचारले, “मास्तर, तुम्ही कोणाच्या बाजूचे?” आजकालच्या वादविवादात हा युक्तिवाद अखेरचा मानला जात असल्याने मास्तरांनी दुसरा चहा सांगितला.

अण्णांवर विसंगतीचा आरोप करणे मात्र अन्यायाचे होईल, कारण त्यांची दोन्ही मते मोठ्या घराण्यातली आहेत. रिओ ग्रांदे नदीच्या पाण्याबद्दल मेक्सिकोने फिर्याद केली, तेव्हा अमेरिकेचे अ‍ॅटर्नी जनरल जडसन हार्मन यांनी 1895 साली हेच लिहून दिले होते की आपल्या हद्दीतले पाणी आपण हवे तसे वापरू, कायद्याचे बंधन कसले ते नाही. आणि त्याच अमेरिकेने 1906 साली मेक्सिकोला दरसाल 60,000 एकर-फूट पाणी देण्याचा करार करताना ठासून नमूद केले की, हे देणे सौजन्याचे आहे, हक्काचे नव्हे. पुढे 1997 साली संयुक्त राष्ट्रांनी सामाईक नद्यांच्या वापराचा करारनामा मंजुरीस ठेवला तेव्हा चीनने विरोधात मत दिले. भारत आणि पाकिस्तान यांचे मात्र एकमत झाले, ते मत न देण्यावर.

गुरुवारी जायकवाडी निघाले आणि बाकड्यावरचे तापमान एकदम चढले. राज्याच्या 2005च्या पाणी-नियमन कायद्यात ‘समन्यायी वाटप’ असा जो शब्द आहे तो आमच्याकडे शिवीसारखा उच्चारतात, हे परगावच्या वाचकांस सांगितले पाहिजे. पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, ऑक्टोबरच्या मध्यास 65 टक्के उपयुक्त साठा नसेल तर वरच्या धरणांनी खाली पाणी सोडावे, असा शिरस्ता पडला असून, 2023च्या ऑक्टोबरअखेर 8.603 टीएमसीचा जो हुकूम निघाला त्यात मुळेच्या वाट्याला 2.10 आणि प्रवरेच्या वाट्याला 3.36 आले होते. हे आकडे अण्णांना नातवंडांच्या जन्मतारखांपेक्षा पक्के पाठ आहेत. “आमच्या डोळ्यांदेखत आमचं पाणी नदीत सोडायचं, हा कुठला न्याय?” असे ते म्हणाले आणि बुधवारचा कायदा पुन्हा एकवार, स्थळांची नावे तेवढी बदलून, सांगितला. त्याच घटकेस पैठणकडच्या एखाद्या बाकड्यावर कोणी दुसरे अण्णा मंगळवारचा कायदा सांगत असतील, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही.

हेगची आणि मराठी माणसाची ओळख तशी जुनी. 1910च्या जुलैत मार्सेयच्या बंदरात बोटीतून उडी टाकून फ्रान्सच्या भूमीवर पोहोचलेल्या सावरकरांना फ्रेंच शिपायाने पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केले, आणि हेगच्या लवादाने 24 फेब्रुवारी 1911 रोजी निर्णय दिला की यात अनियमितता घडली खरी, तथापि तेवढ्यावरून बंदी परत करण्याचे बंधन इंग्लंडवर येत नाही. हा निर्णय अनेक पंडितांना दुर्बोध वाटला; आम्हांस तो एका रात्रीत समजला. गेल्या उन्हाळी आवर्तनात रात्री दोनच्या सुमारास आम्ही घासाला दारे धरून उभे होतो. वाफ्यात घोट्याएवढे चढलेले पाणी हळूहळू करंगळीएवढे झाले, म्हणून बॅटरी घेऊन चारीने वर चालत गेलो, तर शेजाऱ्याचे दारे सताड उघडे, आणि आमच्या बाजूला गोणपाट कोंबून त्यावर ओल्या चिखलाचा बांध असा निगुतीने थापलेला की त्यावर पाचही बोटे उमटली होती. सकाळी पंच बसले. दारे फोडले ही चूक झाली, हे सर्वांनी मान्य केले; परंतु पाणी आता जमिनीत मुरले, ते परत कसे करणार? शेजारी आणि आम्ही दोघेही जिंकून घरी आलो. 2019 साली कुलभूषण जाधव खटल्याचा फैसला लागला, त्या दिवशीही असेच झाले : हेगच्याच आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक मतांनी पाकिस्तानला दोषी धरून शिक्षेच्या फेरविचारास सांगितले, सुटकेची मागणी मात्र मान्य केली नाही, आणि सरहद्दीच्या दोन्ही अंगांस विजय जाहीर झाला.

शुक्रवारी बाकडे भरले नाही. भंडारदऱ्याचे आवर्तन सुटून चार दिवस झाले होते, कालव्यावर वरच्या अंगाला डोंगळे, म्हणजे पाणी ओढून घेणारे चोरटे पाइप, पडल्याची वार्ता होती, आणि अण्णांच्या पोटचारीत नुसती ओल दिसत होती. ते थेट आमच्या ओट्यावर आले. हातात कोरा कागद.

“पाटबंधारे खात्याला अर्ज लिहून द्या. भाषा जरा भारी पाहिजे. आंतरराष्ट्रीय कायद्याचा दाखला घाला.”

“कोणता घालू, अण्णा? मंगळवारचा की बुधवारचा?”

अण्णांनी क्षणभर कालव्याच्या दिशेला पाहिले. “मंगळवारचा,” ते म्हणाले, “आणि चीनचं नाव नका टाकू. नुसतं ‘वरचे लोक’ लिहा.”