घरच्या घरी जीटीआय

फोक्सवॅगनने 2016 च्या अखेरीस पोलो जीटीआय भारतात आणली तेव्हा तिची किंमत 25 लाखांच्या पुढे होती आणि गाड्या आणल्या होत्या फक्त 99. त्याच सुमारास चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणारी पोलो जीटी टीएसआय नऊ-साडेनऊ लाखांत मिळत होती. दोन्हींना टर्बो, दोन्हींना डीएसजी गिअरबॉक्स, चेहराही तोच. मधले सोळा लाख कशाचे, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडतोच, आणि त्याचं उत्तर सोयीचं यावं अशी इच्छा असेल तर जुनी जीटी टीएसआय घेऊन तिची जीटीआय करायला घ्यावी. पूर्वतयारी एवढीच, की हिशेबाची वही घरात ठेवू नये. सोळा लाख एकदम द्यायचे म्हटलं तर घरात सभा भरते. तीस-चाळीस हजार दर दोन महिन्यांनी गेले तर कोणी विचारत नाही. मॉडिफिकेशन स्वस्त पडतं ते याच अर्थाने.

सुरुवात रिमॅपने करावी. लॅपटॉप जोडून इंजिन चालवणाऱ्या ईसीयूमधलं सॉफ्टवेअर बदललं, की 105 पीएसचे 130 च्या आसपास होतात, तेही एकही बोल्ट न खोलता. ताकद ही गाडीतली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे, आणि घोटाळा नेमका इथेच आहे. कंपनी जे पैसे घेते ते ती ताकद पेलण्याचे. दोन्ही गाड्यांतला सात गिअरांचा ड्राय क्लच डीएसजी 250 न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला. परदेशात हीच जीटीआय मॅन्युअल गिअरबॉक्ससह घेतली तर 320 न्यूटन-मीटर मिळत. डीएसजी घेतला की त्याच इंजिनाला कंपनीने 250 वर आवरलं. ज्यांनी गिअरबॉक्स निवडला तेच जिथे इतके जपून वागले, तिथे 175 न्यूटन-मीटरची गाडी घेऊन आपण आणखी ताकदीच्या 'स्टेज टू' रिमॅपकडे निघतो, याला धैर्य म्हणायचं. क्लच आणि गिअरबॉक्सच्या मेकॅट्रॉनिकचं बिल लाखांत येतं. ते मात्र मॉडिफिकेशनच्या खात्यात धरायचं नाही, 'मेंटेनन्स'मध्ये टाकायचं.

ब्रेक शेवटी. जीटीआयला चारही चाकांना डिस्क होते, जीटी टीएसआयला मागे ड्रम. मोठे अलॉय बसवले की हा ड्रम जाळीतून उघडा पडतो, तेव्हा तो लाल रंगवून घ्यावा. त्याने गाडी अलीकडे थांबत नाही, पण सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्याला हे कळायचं कारण नाही.

यावर कोणी म्हणेल, त्या सोळा लाखांत मोठा वाटा आयात शुल्काचा होता, यंत्राचा नव्हे. खरं आहे. पुढच्याच वर्षी कंपनीने भाव 20 लाखांखाली आणला, म्हणजे आधीचा आकडा तिलाही पचला नसावा. दुसरा आक्षेप याहून वजनदार: विकत घ्यायला जीटीआय आहे कुठे? 2025 मध्ये गोल्फ जीटीआय आली ती जवळजवळ 53 लाखांना, आणि पहिल्या 150 हातोहात गेल्या. मग मध्यमवर्गीयाने वेगाची हौस करूच नये का? करावी, पण क्रम उलटा करून: आधी टायर, मग ब्रेक, मग सस्पेन्शन आणि हे सगळं झाल्यावर रिमॅप. हा क्रम इतका बरोबर आहे की तो सहसा कोणी पाळत नाही. चांगल्या ब्रेकचा सोसायटीच्या गेटपाशी आवाज येत नाही. फ्री फ्लो एक्झॉस्टचा येतो.

तो आवाज पोलिसांनाही येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठणकावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला मालकासाठी प्रत्येकी 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवलं. 'प्रत्येकी' हा शब्द हौशी माणसाने नीट वाचावा. विमा कंपनीला यातलं काही सांगायचं नसतं अशी रीत आहे. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर बॉनेट उघडतो, तेव्हा तो आपणहून वाचतो. जीटीआयवाल्याच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं, कारण त्याचे सगळे बदल कारखान्यातच झाले होते आणि आरसी बुकाला मान्य होते.

काढलेला प्रत्येक मूळ भाग, विशेषतः सायलेन्सर आणि एअर फिल्टरचा डबा, माळ्यावर जपून ठेवावा. गाडी विकायला काढली की गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न 'गाडी स्टॉक आहे ना?' हाच असतो. तेव्हा सगळं उतरवून पुन्हा जसंच्या तसं बसवावं लागतं, आणि त्याची मजुरी वेगळी.