तेरा भाग पुरतील

१९८९ साली लोणी काळभोरमधल्या आमच्या आळीत तीन टीव्ही होते. त्यांतला एक आमचा. काळा-पांढरा, लाकडी शटरचा. अँटेना पत्र्यावर उभी, तोंड सिंहगडाकडे, कारण प्रक्षेपण तिथल्या मनोऱ्यावरून यायचं. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. मग दादा वर चढायचा, मी अंगणात उभा राहायचो आणि आई आतून ओरडायची, "आलं... गेलं... आलं आलं, तिथंच धर!" लाईट गेली तर शेजारचे काका ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचे. एवढा खटाटोप करून आम्ही 'स्पेस सिटी सिग्मा' ही विज्ञानमालिका बघायचो.

कॅप्टन तारा, अंतराळातलं ते शहर आणि तो खलनायक जखाकू. दुसऱ्या दिवशी शाळेत डबा खायच्या सुट्टीत अर्धी मुलं कॅप्टन तारा असायची. जखाकू व्हायला कोणी तयार नसायचं, म्हणून चिठ्ठ्या टाकायचो.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर कोणीतरी त्या मालिकेची क्लिप टाकली. तासाभरात मेसेजचा पूर. 'गेले ते दिवस.' 'आपलं बालपणच भारी.' 'आजच्या पोरांना काय कळणार!' मी सगळं वाचलं आणि मला राग आला. आजच्या पोरांना काय कळणार, हे आपण कुठल्या तोंडानं म्हणतो? पोरांना दाखवायचं कोणी होतं? आता पन्नाशीला टेकलेली माणसं आपण. वाहिन्यांवर बसलेली आपणच, जाहिराती देणारी आपणच, संध्याकाळी रिमोट हातात असलेलीही आपणच. आपल्याला जे मिळालं त्याच्या आठवणीत आपण रडतो आणि तेच पुढच्यांना द्यायची वेळ आली की हात वर करतो. मला ह्या हळहळीचा कंटाळा आलाय.

आपल्याला काय मिळालं होतं, ते नीट आठवा. रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं. इंग्रजी कळत नव्हतं, तरी स्पॉक नावाच्या पात्राचे टोकदार कान कळायचे, आणि यानात वेगवेगळ्या देशांची माणसं, अगदी परग्रहावरचाही एक, शेजारी शेजारी बसून काम करतात हे कळायचं. मग 'इंद्रधनुष' आलं. त्यात गिरीश कर्नाड होते, आशुतोष गोवारीकर होते आणि करण जोहर नावाचा एक गुबगुबीत मुलगा होता. मुलांचा कॉम्प्युटर, त्यात शिरलेला परग्रहावरचा पाहुणा आणि मग कालप्रवास. आमच्या शाळेत तेव्हा कॉम्प्युटर सोडा, विज्ञानाच्या खोलीत धड भिंगं नव्हती. पण ती मालिका बघून माझ्या वर्गातल्या एकानं रेडिओ उघडला. परत जोडता आला नाही, मार खाल्ला. आज तो मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. १९९८ मध्ये केतन मेहतांचा 'कॅप्टन व्योम' आला, मिलिंद सोमण नायक. त्याच्या आगेमागेच हा झरा आटायला लागला.

नेपथ्य स्वस्त होतं, ते तेव्हाही कळायचं. यान म्हणजे पुठ्ठा आणि चंदेरी कागद असणार, हे गणपतीची आरास करणाऱ्या पोरांना कोणी सांगायची गरज नव्हती. तरी आम्ही बघायचो. त्या मालिका बनवणाऱ्यांनी आम्हाला मूर्ख समजलं नव्हतं. ह्या पोराला प्रकाशवर्ष कळेल, दुसरा ग्रह कळेल, नाही कळलं तर विचारेल, असा त्यांचा आमच्यावर विश्वास होता.

आणि विचारायचं फक्त पोरांनीच असं नव्हतं. माझी आजी कधी शाळेत गेली नाही. मुळा-मुठेकाठच्या रानात तिचं आयुष्य गेलं. एकदा 'सिग्मा' बघता बघता ती म्हणाली, "एवढी माणसं तिथं ऱ्हातात, मग पानी कुठनं आणत्यात?" आम्ही हसलो. आज मला त्या हसण्याची लाज वाटते. सगळ्या आळीत खरा प्रश्न तिनंच विचारला होता.

त्याचं उत्तर आता आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात अंतराळवीरांचा घाम, श्वासातली वाफ आणि लघवीसुद्धा गोळा करून शुद्ध करतात आणि तेच पाणी परत पितात. २०२३ मध्ये नासानं सांगितलं की ९८ टक्के पाणी असं परत मिळवता येतं. वर चारशे किलोमीटरवर सात माणसं लघवीचं पिण्याजोगं पाणी करतात. इथं खाली पुणे शहराचं सांडपाणी मुळा-मुठेतून फेसाळत आमच्या शिवाराकडे येतं. आजीच्या लहानपणी ह्या नदीचं पाणी ओंजळीनं प्यायचे. मला विज्ञानमालिका हवी आहे ती ह्यासाठी. आजीचा प्रश्न आणि नदीचा फेस, ह्या दोन्हींच्या मधली गोष्ट सांगणारं कोणीतरी हवं. बातमी फेस दाखवते आणि पुढं जाते. ह्या नदीचं वीस वर्षांनी काय होईल, आणि आपण शहाणपणानं वागलो तर काय होऊ शकेल, हे कथाच दाखवू शकते.

मालिकांनी असं काय होतं, म्हणणाऱ्यांसाठी एक खरी हकीकत. 'स्टार ट्रेक'मध्ये उहुरा नावाची अधिकारी होती, ती भूमिका करायच्या निशेल निकोल्स ह्या कृष्णवर्णीय अभिनेत्री. १९६६ सालच्या अमेरिकेत कृष्णवर्णीय बाई पडद्यावर यानाची अधिकारी म्हणून दिसणं हीच मोठी गोष्ट होती. पुढं १९७७ मध्ये नासानं त्यांनाच अंतराळवीरांच्या भरतीच्या प्रचाराला घेतलं, बायका आणि अल्पसंख्य तरुणांनी अर्ज करावेत म्हणून. १९७८ च्या तुकडीत सॅली राइड आल्या, गायन ब्लुफर्ड आले. पुढं पहिली कृष्णवर्णीय महिला अंतराळवीर ठरलेल्या मे जेमिसन यांनी उहुराचा हा प्रभाव उघडपणे सांगितला. स्पेस शटलच्या पहिल्या नमुन्याचं नाव मालिकेतल्या यानावरून 'एंटरप्राइझ' ठेवलं गेलं, तेही प्रेक्षकांनी पाठवलेल्या पत्रांच्या रेट्यामुळं. तीन वर्षं चालून बंद पडलेल्या मालिकेची ही करामत.

आता आपलं घर बघू.

मराठीइतकी विज्ञानकथेची श्रीमंती देशातल्या फार थोड्या भाषांकडे आहे. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि त्याच हातानं आमच्या शेजारच्या फुरसुंगीचा फास्टर फेणे जन्माला घातला. तो फेणे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर आला, सुमीत राघवन त्यात फेणे झाला होता. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेला १९७४ मध्ये 'कृष्णविवर' नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं. नंतर कळलं की हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून लिहिणारे. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातून उतरवून घेतलेली. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ, पण कथेला कथा म्हणूनच जोखावं, नावाकडे बघून नको, एवढा त्यांचा आग्रह. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी त्या कथेचं कौतुक केलं. त्यानंतर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे. पुस्तकांचं अख्खं कपाट भरेल.

आणि ह्या कपाटातून टीव्हीवर काय आलं? नारळीकरांनी स्वतः दूरदर्शनसाठी 'ब्रह्मांड' केलं, तेही हिंदीत. मराठीच्या खासगी वाहिन्यांना पाव शतक उलटून गेलं. रोज रात्री सासू, सून, कट, अपहरण, पुनर्जन्म. भुताच्या मालिकेला दुसरं पर्व मिळतं, तिसरंही मिळतं. ज्या राज्यानं २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यासाठी लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झालेला पाहिला, त्या राज्यात रात्री आठ ते दहा मांत्रिकाला जागा आहे आणि शास्त्रज्ञाला नाही. मला हे अपमानास्पद वाटतं.

'लोकांना तेच हवं असतं,' असं उत्तर येतं. ते खोटं आहे. २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आठवा. चांद्रयान-३ उतरत होतं. आमच्या स्टेशन रोडवर चहाच्या टपरीपुढं तेल डेपोचे टँकरवाले, उसाचे ट्रॅक्टरवाले, कॉलेजची पोरं एका मोबाइलभोवती वाकून उभी होती. सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम लँडर चंद्रावर टेकला आणि टपरीवाल्यानं पैसे घेतले नाहीत. २५ जून २०२५ ला शुभांशु शुक्ला अंतराळात झेपावले. तुकोबांची पालखी आमच्या गावचा मुक्काम करून पंढरीच्या वाटेवर पुढं गेलेली होती. गावात दोन्ही गोष्टींची चर्चा एकाच ओट्यावर, एकाच तोंडानं होत होती. राकेश शर्मांनंतर एकेचाळीस वर्षांनी भारताचा माणूस अंतराळात गेला म्हणून म्हातारी माणसं हिशेब मांडत होती. ह्या माणसांना विज्ञान नको असतं, असं मला कोणी सांगू नये.

जुनं परत दाखवलं तर लोक बघतात, हेही सिद्ध झालंय. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत 'रामायण' पुन्हा लागलं आणि सगळा देश बसला. 'शक्तिमान'सुद्धा परत आला. पण मला नुसतं पुनःप्रक्षेपण नकोय. 'सिग्मा' आज लावली तर माझी मुलगी पाच मिनिटांत उठेल, आणि बरोबरच आहे तिचं. तिला माझं १९८९ नकोय, तिला तिचं २०५० हवंय.

त्यासाठीची कथासुद्धा लिहून तयार आहे. नारळीकरांची 'वामन परत न आला' वाचा. जमिनीत खोल खोदताना एक पेटी सापडते, फार पूर्वीच्या, नष्ट झालेल्या एका प्रगत संस्कृतीनं पुरून ठेवलेली. तिच्यातल्या ज्ञानावरून आपली माणसं एक यंत्रमानव बनवतात, त्याचं नाव वामन. तो शिकत जातो, बनवणाऱ्यांच्या पुढं जातो आणि मग त्याला स्वतःसारखे आणखी वामन हवे असतात. ती जुनी संस्कृती का बुडाली, ह्याचं उत्तर त्यातच असतं. तीन पावलं जमीन मागणाऱ्या बटूचं नाव नारळीकरांनी उगीच दिलेलं नाही. हे त्यांनी लिहिलं तेव्हा आमच्या तालुक्यात फोन लावायला पोस्टात जावं लागायचं. आज बारामतीला उसाला पाणी कधी आणि किती द्यावं, हे कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारायचे प्रयोग झालेत. पोरं गृहपाठ तिच्याकडून करून घेतात. बोलणारा आवाज खरा की बनवलेला, ह्या शंकेनं म्हातारी माणसं अनोळखी फोन उचलायला घाबरतात. वामनानं पहिलं पाऊल टाकलेलं आहे आणि ती गोष्ट सांगायला मराठी पडद्यावर कोणी नाही.

पैसा नाही, हे कारण तर मी ऐकूनच घेणार नाही. पुठ्ठ्याच्या यानावर आम्ही वेडे झालो होतो. आता साध्या लॅपटॉपवर ग्रह उभे करता येतात. जागाही शोधायला नको. जुन्नर तालुक्यात खोडदला आणि आसपास रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस प्रचंड तबकड्या आकाशाकडे कान लावून उभ्या आहेत. पुण्यात खगोलशास्त्राचं संशोधन करणारी आयुका आहे. आणि आमच्या लोणीत, नदीकाठच्या राजबागेत, जिथं राज कपूर चित्रीकरण करायचे, तिथं आज विद्यापीठ आहे आणि तिथं पोरं सिनेमा शिकतात. सकाळी त्यांना मी बसमधून उतरताना बघतो, पाठीवर कॅमेऱ्याच्या बॅगा.

नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. मुलांनी सही मागितली की ते म्हणायचे, पोस्टकार्डावर मला एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही करीन. त्यांची ती रीत मला कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठी वाटते.

तर, राजबागेतल्या पोरांनो, हे तुमच्यासाठी आहे. पहिला भाग आमच्या नदीवर करा, आजीचा प्रश्न त्यात घ्या, तो मी तुम्हाला दिला. नारळीकरांच्या वारसांकडे जा, रीतसर परवानगी मागा आणि 'वामन' करायला घ्या. पत्र्यावर चढायला मी अजून तयार आहे. आणि वाहिन्यांवर बसलेल्या माझ्या वयाच्या मंडळींनो, तुम्ही त्या पोरांना रविवारची सकाळ द्या. दूरदर्शन पूर्वी तेरा भागांना मंजुरी द्यायचं. तेवढेच द्या.