सही तेवढी करा

सिंधुदुर्गातल्या रेडीत संस्थापक भाऊंना भेटायचे तर घरी जाऊ नये. ते एसटीच्या थांब्यावर, माउलीच्या देवळात नाहीतर ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात सापडतात. काखेत रेक्झिनची बॅग. त्या बॅगेत अख्खी संस्था राहते: नोंदणीचे प्रमाणपत्र, इतिवृत्ताची वही, शिक्का, चेकबुक आणि उरलेल्या जागेत भाऊंचा डबा. (हे कुणा एकाचे चित्र नव्हे. शिरोड्यातही भाऊ आहेत, आरोंद्यातही आहेत. ओळख पटली तर ती वाचकाची जबाबदारी.)

भाऊंचा ध्यास एकच, महिलांचे सक्षमीकरण. फलकावर हा शब्द एवढा मोठा रंगवलाय, की संस्थेचे नाव कोपऱ्यात अंग चोरून उभे आहे. कार्यकारिणीत अध्यक्ष वयनी, खजिनदार काकी. खजिना तेवढा काकींनी अजून पाहिलेला नाही. बँकेचा नियम दोन सह्यांचा. भाऊ तो काटेकोर पाळतात. काकींची सही वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्या कोऱ्या चेकांवर घेऊन ठेवतात.

"ही सही खयच्या पैशांसाठी?"

"ता मी बघतंय. तुमी सही तेवढी करा."

"आणि आकडो खय आसा?"

"आकड्याचो तरास तुमका कित्याक?"

आता खरी अडचण सांगतो. भाऊ पैसे खात नाहीत. खात असते तर सोपे होते. चोर निदान खोटी पावती तरी दाखवतो. भाऊंना हिशेब विचारला की त्यांचे डोळे भरून येतात. खाणीवर ट्रक धावत होते तेव्हापासून आपण गावासाठी कसे झिजलो, हे ते सांगू लागतात. प्रश्न आकड्याचा असतो, उत्तर त्यागाचे येते. मग सभा भाऊंची समजूत घालते आणि विचारणाराच माफी मागून बसतो. रेडीच्या खाणीतून 1976 साली द्विभुज गणपती निघाला. भाऊंच्या बॅगेतून जमाखर्च निघण्याचा योग अजून यायचा आहे.

भाऊंना कायदा माहीत नाही असे मात्र समजू नका. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा 1950 चा कायदा त्यांना तोंडपाठ. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज, 31 मार्चला हिशेब बंद, मग लेखापरीक्षण. धर्मादाय कार्यालयात कागद पिशवी भरून वेळेत पोचतात. देणगीदाराला तर रंगीत फोटोंसकट अहवाल जातो. ज्यांच्या नावाने पैसा आला त्या बायकांनी फोटोत उभे राहायचे. भाऊ वर हिशेब देतात आणि खाली आभार मागतात.

गंमत अशी, की याच बायका सरकारच्या 'उमेद' अभियानातल्या बचत गटात वेगळ्याच दिसतात. तिथे पाच नियम: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. कुणी किती भरले, कुणाचा हप्ता राहिला, सगळे मोठ्याने वाचायचे. दहा रुपयांचा मेळ बसला नाही तर बैठक उठत नाही, मग घरी आमटी करपली तरी चालेल. काकी तिथे वही लिहितात, आणि त्यांच्या बेरजेला बँकेचा साहेबही वचकून असतो. त्याच काकी संस्थेच्या सभेत कोऱ्या चेकावर सही करतात, कारण तिथे भाऊ त्यांना सक्षम करत असतात.

गेल्या सभेत काकींनी एकच विचारले, "गटात आमी पाच पैशांचो हिशोब देतो, मगे हयसर कित्याक नाय?" भाऊ बॅग उघडायच्या बेतात होते. तेवढ्यात चहा आणि कांदाभजी आली. ती दर वर्षी नेमकी याच विषयाला येते.

यंदाच्या वार्षिक सभेची नोटीस लागली आहे. हिशेबाचा विषय सातवा, त्यानंतर अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय. सभासदांना नम्र विनंती आहे, सातवा विषय वाचून होईपर्यंत कुणीही कपाला हात लावू नये.