सहकुटुंब बांधाबांध

सुटीच्या प्रवासाची तयारी दोन भागांत होते. लागणाऱ्या वस्तू बॅगेत भरणे हा पहिला भाग. तो तासाभरात उरकतो. ‘असू दे, लागलंच तर’ म्हणत उरलेले घर बॅगेत भरणे हा दुसरा. तो रिक्षावाला खालून हॉर्न वाजवीपर्यंत चालतो आणि घरातली बहुतेक भांडणे याच काळात होतात. नाशिकच्या इंदिरानगरात परीक्षा संपल्या की दर दोन इमारतींआड एका घरात हा दुसरा भाग चालू असतो. त्यावरचा उपाय मात्र बराच जुना आहे.

तयारीची सुरुवात तारखेपासून होते. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुले होई. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. त्यामुळे कोकण की मनाली हा वाद, जो पूर्वी चार महिने सावकाश चालायचा, तो आता दोन महिन्यांत मिटवावा लागतो. ज्यांचा तेवढ्यातही मिटत नाही त्यांच्यासाठी तत्काळची सोय आहे. आदल्या दिवशी सकाळी दहाला वातानुकूलित आणि अकराला इतर वर्गांचे आरक्षण सुरू होते. शांतपणे करायच्या तयारीत या प्रकाराचा समावेश करता येत नाही. २०२७ सालाची गोष्ट वेगळी. त्या वर्षी नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. इंदिरानगरातल्या कुटुंबांना स्वतःच्या बॅगा भरायची फारशी गरज पडणार नाही. नातेवाईकच आपापल्या भरून येतील.

तारीख आणि मुहूर्त जुळत नसत तेव्हा आधीच्या पिढ्या प्रस्थान ठेवत. मुहूर्त सोमवारचा आणि निघणे गुरुवारी असले, तर प्रवासात न्यायच्या सामानातले काही गाठोड्यात बांधून सोमवारीच शेजारच्या घरी नेऊन ठेवायचे. प्रवास शास्त्रापुरता तिथूनच सुरू झाला असे समजत. पंचांग बाजूला ठेवले तरी या रूढीत एक व्यावहारिक सोय आहे: शेजारी गेलेल्या गाठोड्यात भर घालता येत नाही. ‘काकू, जरा गाठोडं सोडता का, मोजे राहिलेत,’ असे रात्री साडेदहाला जाऊन म्हणायची कुणाची प्राज्ञा नसते. आजच्या घरात हेच काम निघण्याच्या आदल्या संध्याकाळी करता येते. बॅगेची चेन लावायची, छोटे कुलूप घालायचे आणि बॅग दाराशी नेऊन ठेवायची. किल्ली घरातल्या सर्वांत कठोर व्यक्तीकडे द्यावी. ती कोण, यावर सहसा मतभेद नसतात.

बॅग भरण्यापूर्वी यादी लागते. ती जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर करण्याची प्रथा आहे. वस्तूपुढे खूण करायची ती वस्तू बॅगेत गेल्यावर. बऱ्याच घरांत ती वस्तू आठवल्यावरच होते आणि मग संपूर्ण यादीवर खुणा असूनही टूथब्रश बेसिनवर राहतात. एकाने यादी वाचावी, दुसऱ्याने भरावे. वाचणाऱ्याने सल्ला देऊ नये.

बॅगांचा पुरवठा ही नाशिककरांची अडचण नव्हे. व्हीआयपीचा कारखाना सिन्नरला, म्हणजे घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. अडचण वजनाची. रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टियर एसीच्या प्रवाशाला ४० किलो, टू-टियरला ५० आणि फर्स्ट एसीला ७० किलो सामान विनाशुल्क नेता येते. म्हणजे थ्री-टियरमधल्या चार प्रौढांना १६० किलो. रेल्वेने मन मोठे केले असले तरी नाशिकरोडच्या जिन्यावर ते सामान चढवणाऱ्याची कंबर आधी बोलते. म्हणून ज्याची बॅग त्याने उचलायची हा नियम घरातच करावा आणि एकदा लिफ्ट न वापरता तिसऱ्या मजल्यापर्यंत तिची परीक्षा घ्यावी. या परीक्षेनंतर बॅगेतून हेअर ड्रायर, जाड कादंबरी आणि चपलांचा तिसरा जोड आपोआप बाहेर येतात. ओझरहून विमानाने जायचे असल्यास देशांतर्गत प्रवासाची साधारण मर्यादा १५ किलो आणि हातातल्या बॅगेसाठी ७ किलो असते. घरच्या वजनकाट्यावर बॅगेसह उभे राहून स्वतःचे वजन वजा करण्याची रीत अचूक आहे. तिच्यात वजा करायचा आकडा सर्वांसमोर जाहीर होतो, म्हणून हे काम घरातल्या मुलांकडे सोपवले जाते.

कपडे घडी घालण्याऐवजी गुंडाळले तर कमी जागा घेतात. प्रत्येकाचा एक जोड दुसऱ्याच्या बॅगेत ठेवावा. एखादी बॅग मागे राहिली तरी कुणावर उघडे पडायची वेळ येत नाही. मनालीला जायचे तर नाशिकच्या थंडीमुळे घरात स्वेटर असतातच, पण ते दिवाणाच्या तळाशी डांबरगोळ्यांच्या सहवासात. त्यांना दोन दिवस आधी गच्चीत ऊन दाखवावे, नाहीतर अख्ख्या डब्याला त्यांची ओळख होते.

खाण्याचा विभाग आजीच्या अखत्यारीत येतो आणि तो सर्वांत शिस्तीचा असतो. पहिल्या दिवसाला पोळी-भाजी. पुढच्या दिवसांना दशम्या, ज्यांची कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवतात, आणि तिखटमिठाच्या पुऱ्या. चटणी सुक्या खोबऱ्याची किंवा शेंगदाण्याची. ओल्या खोबऱ्याची उन्हाळ्यात दुपारपर्यंतही टिकत नाही. यावर नाशिकचा चिवडा, तो ज्यांच्याकडे जायचे त्यांच्यासाठी वेगळा बांधलेला. खाऊची पिशवी सामानाच्या तळाशी ठेवू नये. मुंबईकडे जाणारी गाडी देवळाली ओलांडते न ओलांडते तोच ती मागितली जाते, आणि पाहुण्यांचा चिवडा इगतपुरीला फुटतो.

औषधांच्या डब्यात नेहमीच्या गोळ्या, ताप-उलटीची औषधे, चिकटपट्ट्या आणि ओआरएसची पाकिटे पुरतात. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण लक्षात ठेवावे. घाटात मळमळते ते डोळे आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मेंदूला वेगवेगळी बातमी देतात म्हणून. पुढच्या सीटवर बसून लांब रस्त्याकडे पाहिल्याने आराम पडतो, मोबाइलकडे पाहिल्याने वाढते. आवळासुपारी दोन्ही प्रकारचे प्रवासी खातात.

आता घर. आदल्या रात्रीचे जेवण फ्रिज ठरवतो: अर्धा कोबी, दोन गाजरे, वाटीभर आमटी आणि कुणीच न खाल्लेला कालचा भात एकत्र येऊन जे तयार होते, त्याला नाव नसते आणि नाव ठेवायची परवानगीही नसते. ओला कचरा निघायच्या दिवशी सकाळी घंटागाडीत गेलाच पाहिजे. राहिला तर आठवड्याने घरात पाऊल टाकण्याआधीच कळते. पेपर आणि दूध बंद करावे, कारण दारातला पेपरांचा ढीग चोराला रीतसर निमंत्रण देतो. दागिने लॉकरमध्ये, एक किल्ली शेजारी, आणि घर बंद राहणार असल्याची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. फोटो मात्र परत आल्यावरच टाकावेत.

निघाल्यावरच्या शंकांचा क्रमही ठरलेला असतो. साईनाथनगर चौफुलीला गॅस आठवतो, वडाळागावात गीझर, पुणे रोडला लागल्यावर कुलूप, आणि बिटको चौकात चार्जर. पहिल्या तिघांवर इलाज सोपा आहे. बंद रेग्युलेटर, गीझरचे बटण आणि लावलेले कुलूप यांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवायचे आणि शंका येईल त्याला दाखवायचे. चार्जरचा फोटो काढून उपयोग नाही; तो स्टेशनवर विकत मिळतो.

तयारीचा शेवटचा भाग परतीचा आहे. मूगडाळ, तांदूळ आणि चार बटाटे घरात ठेवावेत, आणि परतीच्या दिवसापासूनचे दूध निघण्यापूर्वीच सांगून जावे. दमून आलेल्या कुटुंबाला चहा आणि खिचडी एवढेच लागते. न वापरलेले कपडे तसेच कपाटात जातात.