सहा फुटी बुटके

जागतिक दर्जाच्या पुरुष व्हॉलीबॉलपटूंची मापं वाचायला घेतली, की उंचीबद्दलच्या आपल्या कल्पना पार झोपतात. आपल्याकडे स्थळाच्या बायोडेटात ‘उंची सहा फूट’ दिसली, की मुलीकडचे पुढचे रकाने वाचायच्या भानगडीत पडत नाहीत. ब्राझीलचा सर्जिओ सान्तोस १.८४ मीटरचा, म्हणजे सहा फुटांहून किंचित वरच. पण संघाच्या फोटोत तो कुणाचा तरी धाकटा भाऊ वाटतो. गंमत अशी, की हा खेळ ताडमाड माणसांसाठी काढलेलाच नव्हता. १८९५ साली अमेरिकेतल्या होल्योक गावी विल्यम मॉर्गनने तो बेतला, तो बास्केटबॉलची धावपळ न झेपणाऱ्या, वय वाढलेल्या व्यापारी मंडळींसाठी. जाळी साडेसहा फुटांवर, चारचौघांच्या डोक्याच्या जरा वर. आज पुरुषांची जाळी २.४३ मीटरवर गेली आहे आणि रशियाचा दिमित्री मुसेर्स्की २.१८ मीटरवर. मॉर्गनच्या जाळीवरून तो टाचाही न उचलता पलीकडच्यांची ख्यालीखुशाली विचारू शकला असता.

यावरून कुणीही म्हणेल, टेप आणा, पोरं मोजा आणि संघ निवडा. माझी हरकत टेपला नाही, ती कुठे धरायची याला आहे. व्हॉलीबॉल टाळूने खेळत नाहीत. चेंडू मारायच्या क्षणी हात कुठवर पोचला, हे खरं माप. आणि त्यात धाव, उडी, खांदा आणि वेळ साधणं हे सगळं येतं. मुसेर्स्कीचा हात स्मॅश मारताना ३.७५ मीटरपर्यंत जातो, अशी नोंद आहे. जपानचा युजी निशिदा १.८६ मीटरचा, पण त्याचा हात साडेतीन मीटरच्या आसपास पोचतो. हा डावखुरा गडी सर्व्हिसला रेषेच्या बराच मागे उभा राहतो, चेंडू पुढे उंच फेकतो आणि धावत येऊन हवेतच त्याला गाठतो. दोघांच्या उंचीत ३२ सेंटीमीटरचा फरक. उंच माणसाचे हातही लांब असतात, तेव्हा वर पोचेपर्यंत हा फरक वाढायला हवा. तो उलट २५ च्या घरात येतो. उरलेला हिशेब निशिदाच्या पायांनी चुकता केलेला असतो.

यावर २०१२ च्या लंडन ऑलिंपिकची अंतिम लढत पुढे केली जाईल. रशियाने ती ब्राझीलविरुद्ध ३-२ अशी जिंकली, मुसेर्स्कीने ३१ गुण मिळवले; मग उंचीच जिंकली की नाही? पण पहिले दोन सेट रशिया हरला, तेव्हा मुसेर्स्की काही बुटका नव्हता. प्रशिक्षक व्लादिमिर अलेक्नो यांनी त्याला मधल्या जागेवरून काढून मुख्य आक्रमकाच्या जागी खेळवलं आणि सामना फिरला. तिसऱ्या सेटआधी त्याची उंची वाढली नव्हती, त्याच्याकडे येणारे चेंडू वाढले होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मधले ब्लॉकर तर सगळे दोन मीटरच्या आगेमागेच असतात. कबूल. समोरच्याचा स्मॅश जाळीवरच थोपवायचा, तर तिथे आधी हात हवेत, आणि हे काम निव्वळ जिद्दीवर भागत नाही. पण एवढा देह दर चेंडूला उचलायचा आणि खाली आपटायचा, त्याची वसुली गुडघे करतात. वाटीखालच्या स्नायुबंधाचं दुखणं या खेळाला जोडूनच येतं. शिवाय जमिनीलगतचा चेंडू काढायला उंचांपेक्षा चपळांची गरज पडते. म्हणून १९९८ मध्ये लिबेरोची जागा आली. त्याला ब्लॉक करायची बंदी, जाळीच्या वरचा चेंडू मारायचीही बंदी. म्हणजे उंचीचा काडीचाही उपयोग होऊ नये, असा नियमच. आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सर्वोत्तम खेळाडू कोण ठरला? सुरुवातीला भेटलेले लिबेरो सर्जिओ सान्तोस, वय वर्षं चाळीस.

तेव्हा निवडचाचणीच्या दारातच टेप घेऊन उभे राहणाऱ्यांना एवढीच विनंती: आधी पोराला चार उड्या मारू द्या, दहा सर्व्हिस उचलू द्या. उंची त्यानंतर मोजली, तरी तेवढीच भरेल.