पुढचा पंप अडीचशे किलोमीटरवर

स्टुअर्ट महामार्ग हा ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेतील पोर्ट ऑगस्टापासून उत्तरेतील डार्विनपर्यंत जाणारा सुमारे २,७०० किलोमीटरचा रस्ता आहे. जॉन मॅक्डूअल स्टुअर्ट याने १८६१-६२ मध्ये घोड्यांवरून हा खंड दक्षिणोत्तर पार केला, त्याचे नाव या रस्त्याला आहे. परतीच्या वाटेवर स्कर्व्हीने त्याची अशी दशा झाली की खोगिरावर बसवेना. दोन घोड्यांमध्ये झोळी बांधून त्याला आणावे लागले. आज त्याच दिशेने लोक शाळेच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन जातात, आणि तेही हौसेने, पदरचे पैसे मोडून. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतला रस्ता १९८७ मध्ये पूर्ण डांबरी झाला. तेव्हापासून गाडी रुतण्याचा प्रश्न सुटला आणि वेळ कसा घालवायचा हा प्रश्न उरला.

प्रवासाचा हंगाम जून ते ऑगस्ट, म्हणजे तिकडचा हिवाळा. दिवस उबदार असतो, रात्री हुडहुडी भरते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, त्यामुळे शहाणी माणसे त्या वाटेला जात नाहीत. गाडीत पाण्याचे कॅन, जादा चाक आणि कागदी नकाशा हवाच, कारण मोबाइलची रेंज गावाच्या वेशीपाशी संपते. मेलबर्न-अ‍ॅडलेडकडची मराठी कुटुंबे या सामानात धपाट्यांची चळत, चिवड्याचा डबा आणि भारतातून पाहुणे आलेले आजी-आजोबा यांची भर घालतात. रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवणे हे खाते परंपरेने आजोबांकडे असते. मुंबई-पुणे रस्त्यावर या खात्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. इथे ते पहिल्या तासातच बेकार होते.

पोर्ट ऑगस्टा मागे पडल्यावर झाडे खुजी होत जातात आणि माती लाल होते. मातीतले लोखंड गंजून तिला हा रंग आलेला असतो. पिंबाच्या जवळ वूमेरा आहे. १९४७ पासून हा सगळा मुलूख रॉकेट आणि शस्त्रांच्या चाचण्यांसाठी राखलेला आहे आणि महामार्ग त्यातूनच जातो, मात्र रस्ता सोडून आत शिरायचे तर परवाना लागतो. इथे पाहण्यासारखे काय आहे, या प्रश्नाला ‘आहे, पण पाहायला मनाई आहे’ असे उत्तर मिळण्याची ही सहलीतली पहिली वेळ. पुढे लेक हार्ट लागते. नकाशात निळे दिसणारे हे सरोवर प्रत्यक्षात क्षितिजापर्यंत पांढरेशुभ्र असते, कारण त्यात बहुतेक काळ पाणी नसून मीठ असते. मुले टॉवेल बाहेर काढतात आणि परत ठेवतात.

ग्लेनडॅम्बोला आजोबांचे दिवस पालटतात. गावाच्या पाटीवर लोकसंख्या लिहिली आहे: मेंढ्या २२,५००, माशा २०,००,०००, माणसे ३०. माशांचा आकडा अंदाजे आहे, असेही पाटी प्रामाणिकपणे नमूद करते. गाडीचे दार उघडले की तो कमीच धरला असावा अशी शंका येते. या माशा चावत नाहीत. डोळे, नाक आणि ओठांवरच्या ओलाव्यासाठी येतात, आणि तोंड उघडून तक्रार करणाऱ्याकडे आधी येतात. त्यांच्या सुबत्तेमागे गाय आहे. इथल्या मूळच्या शेणकिड्यांना कांगारूच्या सुक्या लेंड्यांची सवय. युरोपीय वसाहतकारांनी गुरे आणली तेव्हा त्यांच्या शेणाचे काय करायचे ते या किड्यांना उमगले नाही, आणि त्या शेणात माशांची घराणी वाढली. शेवटी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सरकारी शास्त्रज्ञांनी आफ्रिका आणि युरोपातून शेणकिडे आणून सोडले. तोपर्यंत प्रवाशांनी डोक्यावरून जाळी घ्यायची पद्धत पाडली होती. सहकुटुंब फोटोत त्यामुळे कोण कोण आहे ते कपड्यांवरून ओळखावे लागते.

माशांची शिरगणती मांडणारी ती पाटी हा या भागाचा स्वभाव आहे. जे आहे ते मोजायचे, जे नाही ते असल्याच्या थाटात वागायचे, आणि दोन्ही वेळा चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही. याचा उत्तम नमुना कूबर पीडी. ते ग्लेनडॅम्बोपासून सुमारे २५० किलोमीटरवर आहे आणि मध्ये एकही पेट्रोल पंप नाही, त्यामुळे काटा अर्ध्यावर आला की वडील आवाज खाली आणून बोलू लागतात. वाटेत रोड ट्रेन भेटतात. तीन-चार ट्रेलर ओढणाऱ्या या ट्रकची लांबी ५३.५ मीटरपर्यंत असते; ओलांडायला किलोमीटरभर मोकळा रस्ता लागतो, आणि गाडीतल्या दोन पिढ्या ‘जा’ म्हणत असताना तिसरी ‘थांब’ म्हणते. समोरून येणारा प्रत्येक चालक स्टिअरिंगवरून तर्जनी वर करून नमस्कार करतो. पहिल्या दिवशी वडील घाबरून पूर्ण हात हलवतात. तिसऱ्या दिवशी त्यांचेही एकच बोट उठते आणि घरच्यांना त्यांचा उगाच अभिमान वाटतो. तिन्हीसांजेला मात्र गाडी थांबवावी, कारण त्या वेळी कांगारू रस्ता ओलांडतात, तेही न पाहता.

कूबर पीडीत १९१५ मध्ये विली हचिसन या १४ वर्षांच्या मुलाला ओपल हे रत्न सापडले. वडिलांची मंडळी सोने शोधत होती. पोरगा पाणी शोधायला गेला होता. तेव्हापासून इथे जमीन पोखरणे चालू आहे. गावातली बरीच घरे, चर्च आणि हॉटेले जमिनीखाली आहेत. बाहेर काहीही असो, आत बारा महिने साधारण २३ ते २५ अंश. नवी खोली हवी तर भिंत खणायची. खाणींच्या परिसरात ‘धावू नका, उलटे चालू नका’ अशा पाट्या आहेत, कारण फोटोसाठी एकेक पाऊल मागे सरकणारा माणूस उघड्या विहिरीत जातो. गोल्फचे मैदान आहे, पण गवत नाही. खेळाडू कृत्रिम गवताचा तुकडा बगलेत घेऊन फिरतो आणि चेंडू मारण्यापुरता तो अंथरतो. उकाड्यात चमकणारे चेंडू घेऊन रात्री खेळतात. टेकडीवर झाडही आहे, लोखंडाच्या भंगाराचे. खाणवाल्यांनी टाकलेल्या ढिगाऱ्यांत ओपलचे कण शोधायला पर्यटकांना ठरावीक जागी मोकळीक आहे, आणि तांदूळ निवडण्याचा आयुष्यभराचा सराव असलेल्या आजी इथे सर्वांना मागे टाकतात. त्यांना तिथून उठवणे हे सहलीतले सर्वांत अवघड काम.

मार्ला गाव येते आणि जाते. दक्षिण ऑस्ट्रेलियाची हद्द ओलांडली की वेगमर्यादा ११० वरून १३० होते. दृश्य तेच राहते. अर्लडंडाला डावीकडे लॅसेटर महामार्ग फुटतो. हॅरोल्ड लॅसेटर याने वाळवंटात सोन्याची प्रचंड शीर पाहिल्याचे सांगितले आणि ती शोधता शोधता १९३१ मध्ये तो मेला. शीर कोणालाच सापडली नाही. रस्ता मात्र त्याच्या नावाचा झाला. याच रस्त्यावर उलुरू या प्रसिद्ध खडकाच्या सुमारे १०० किलोमीटर अलीकडे माउंट कॉनर हा सपाट माथ्याचा डोंगर दिसतो. गाडी थांबते, सगळे उतरतात, भरपूर फोटो निघतात, भारतातल्या नातेवाइकांना पाठवायचा मजकूर तयार होतो. मग मुलगी नकाशा पाहते.

खरा उलुरू ३४८ मीटर उंच आहे आणि त्याचा घेर ९.४ किलोमीटर. तो तिथल्या अनांगू लोकांचे पवित्र स्थान आहे. १९८५ मध्ये जमीन त्यांना परत मिळाली आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून वर चढणे बंद झाले. अनांगूंची ही विनंती फार जुनी होती. गुडघेदुखीच्या वयातल्या वडिलांनीही बंदीचे मनापासून स्वागत केले. खालून प्रदक्षिणा घालता येते आणि आजी-आजोबांना ती पद्धत मुळातच योग्य वाटते.

तिथून अ‍ॅलिस स्प्रिंग्ज सुमारे ४५० किलोमीटर. या शहराला टॉड नावाची नदी आहे, म्हणजे नदीचे पात्र आहे. १९६२ पासून तिथे होड्यांच्या शर्यती भरतात. होडीला बूड नसते. खेळाडू आत उभे राहून ती हातांनी उचलतात आणि वाळूतून धावतात. १९९३ मध्ये शर्यत रद्द करावी लागली, कारण नदीला पाणी आले. डार्विन अजून सुमारे १,५०० किलोमीटर उरते, पण शाळा उघडत आलेली असते. काही कुटुंबे गाडी इथेच सोडून विमानाने परततात आणि इतके दिवस गाडी चालवणाऱ्या माणसाला मधली सीट देतात.